बिलाविना गेलेला माल आणि पुरावा

राज्यभरातले करसल्लागार, वकील आणि कर खात्यातले अधिकारी आज पोलादाच्या भट्ट्यांच्या या जालन्यात जमले आहेत. चोरून माल काढल्याच्या आरोपाची चर्चा करायला याहून योग्य गाव शोधूनही सापडलं नसतं!

इंडक्शन भट्टीवर हा आरोप अनेकदा वीजबिलातून येतो. वीज एवढी जळली, मग पोलाद एवढंच कसं? हिशेब सोपा वाटतो, पण टनाला युनिटं किती धरायची? उत्पादन शुल्काच्या आर. ए. कास्टिंग्ज प्रकरणात आयआयटी कानपूरच्या डॉ. बत्रांचा अहवाल ५५५ ते १०४६ युनिटं सांगत होता, तर पोलाद मंत्रालयानं नेमलेल्या समितीचा १८००. दहा लाख युनिटांना १०४६नं भागलं तर ९५६ टन, १८००नं भागलं तर ५५६. मधले ४०० टन भट्टीत नव्हे, कागदावर तयार होतात. भंगाराची प्रत, भट्टीची अवस्था, वीज जाणं-येणं यांना त्या भागाकारात जागाच नाही. न्यायाधिकरणानं अशा भागाकारावर उभी केलेली करमागणी रद्द केली आणि हा निर्णय सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला.

यावर खात्याचं म्हणणं असं, की दोन नंबरचा माल विकणारा पावत्या जपून ठेवेल काय? तक्रार रास्त आहे. म्हणूनच १९७४ साली भूरमल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं गणिती अचूकता मागितली नाही. समंजस माणसाला पटेल एवढी शक्यता पुरेशी मानली. पण त्यानं खात्यावरचं पुराव्याचं ओझं हलकं झालं, उतरलं नाही. जादा भंगार कुणी दिलं, ट्रक कोणत्या काट्यावर मोजला, रोकड कुणी मोजून घेतली, यांतले काही स्वतंत्र धागे जुळायलाच हवेत. नुसत्या जबाबावर भिस्त असेल, तर जबाब देणाऱ्याची उलटतपासणी नाकारणं आदेशाच्या मुळावर येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या अंदमान टिंबर निकालानं स्पष्ट केलं आहे. मात्र खरेदीदाराची वही, वाहतूकदाराची बिल्टी आणि रोकड एकमेकांशी जुळत असतील, तर ‘हा केवळ संशय आहे’ हे आपलं वकिलांचं पेटंट उत्तर चालणार नाही; तिथं खुलासा आपल्या अशिलानंच द्यायचा आहे.

तेव्हा दोन्ही बाजूंच्या मंडळींना विनंती, की आजच्या सत्रांत निकालांच्या याद्या वाचण्याऐवजी काटापावत्या आणि पंचनामे समोर ठेवून बोलावं.