चाच्याचा वेष आणि सरखेलाचे दस्तक

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी हे गाव पैनगंगेच्या मुलुखातले. तेथून पूर्वेचा समुद्र काय नि पश्चिमेचा काय, सारखाच शेकडो किलोमीटर दूर. तथापि अशा गावीही शाळेच्या वेषभूषा-स्पर्धेत एखादा मुलगा डोळ्यावर काळी पट्टी, टोपीवर कवटी आणि हाती पुठ्ठ्याची तलवार घेऊन उभा राहिला, तर तो समुद्रावरील चाचा आहे हे कोणास सांगावे लागणार नाही. ज्या मुलाने समुद्र पाहिला नाही, त्याला समुद्रावरचा लुटारू इतका ओळखीचा व्हावा, हे नवल विचार करण्याजोगे आहे.

श्रोतेहो, हा वेष समुद्रावर शिवला गेला नाही. तो पुस्तकांत शिवला गेला. खांद्यावरचा पोपट आणि तुटका पाय स्टीव्हन्सनच्या १८८३ सालच्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीने लोकांच्या मनात ठसविला. हाताच्या जागी लोखंडी आकडा असलेला कप्तान बॅरी याच्या १९०४ सालच्या 'पीटर पॅन' नाटकातून आला. डोक्याचा रुमाल आणि कमरेचा रुंद शेला पुष्कळसा हॉवर्ड पाइल या अमेरिकन चित्रकाराच्या कुंचल्याची करामत. खरे चाचे साध्या खलाशाचेच कपडे घालीत. कवटीचे निशाण मात्र खरे. ते अठराव्या शतकाच्या आरंभी काही चाच्यांच्या गलबतांवर फडकत असे.

मग लुटारूचेच सोंग मुलांना का रुचते? लुटारू आपल्याकडेही झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनी वऱ्हाडची गावे लुटली. पण पेंढाऱ्याचे सोंग कोणी हौसेने काढीत नाही. ज्या दरवड्याची आठवण आजीच्या आजीने सांगितली, त्याचा खेळ होत नाही. चाचा दूरचा, परक्या पाण्यावरचा, आणि म्हणूनच निर्धास्त. त्याला शाळा नाही, घरचा गृहपाठ नाही, मालक नाही. ज्यांच्या घरचा कर्ता पुरुष जहाजावर नोकरीस आहे, त्यांना ही मौज तितकीशी गोड लागणार नाही. २०१० साली सोमालियाच्या चाच्यांनी 'ॲस्फाल्ट व्हेंचर' हे जहाज पकडले; पुढे खंडणी पोहोचूनही सात भारतीय खलाशांना त्यांनी अडकवून ठेवले आणि ते सुटले २०१४ च्या ऑक्टोबरात. चार वर्षे! त्या चाच्यांच्या खांद्यावर पोपट नव्हता.

जत्रेतील झुलत्या नावेची गोष्टही अशीच. परदेशी हिला चाच्यांचे जहाज म्हणतात. आपल्याकडे तिला 'कोलंबस' हे नाव चिकटले आहे. वस्तुतः ती घड्याळाच्या लंबकासारखी. खालून फिरणारे रबरी चाक तिच्या बुडाला प्रत्येक फेरीस रेटा देते व झोका वाढत जातो. टोकास पोहोचताच क्षणभर देहाचे वजन हरपल्यासारखे होते, पोटात गोळा उठतो. खाली येताना तेच शरीर जड होऊन बाकावर दाबले जाते. शेवटचा बाक सर्वांत उंच जातो, म्हणून त्यासाठी मुलांची भांडणे! भीती आहे, पण आडवा दांडाही आहे. चाच्याच्या वेषातही हेच सुख असते.

येथपर्यंत सारे निर्दोष. अडचण पुढे आहे. कॅलिफोर्नियातील डिस्नीलँडमध्ये १९६७ साली चाच्यांच्या देखाव्यांतून होडीने फिरविणारी एक सफर सुरू झाली. २००३ साली तिच्यावरून चित्रपट निघाला, आणि त्या मालिकेच्या २००७ सालच्या तिसऱ्या भागात हिंदी महासागराचा चाचा-सरदार म्हणून अवतरले 'श्री संभाजी आंग्रिया'. आंग्रिया म्हणजे इंग्रजांच्या तोंडचे आंग्रे. आणि संभाजी हे कान्होजींच्या पुत्राचे नाव!

कान्होजी आंग्रे मराठी आरमाराचे सरखेल. कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबताने त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे, न घेतल्यास गलबत अडविले जाईल, असा त्यांचा दंडक. पोर्तुगीज तर सोळाव्या शतकापासून याच समुद्रावर 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीने घ्यावयास लावीत. दूरदेशाहून आलेल्याने परवाना मागितला तर तो कायदा, आणि किनाऱ्याच्या धन्याने मागितला तर ती चाचेगिरी! कंपनीच्या इंग्रजांनी हे दस्तक मानले नाही, आणि कान्होजींना चाचा ठरविले. १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवीत परतले. १७२९ साली कान्होजी वारले. पुढे १७५६ साली तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला, तो पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतल्यामुळे. हे शल्य मराठी वाचकास आजही बोचते. कान्होजींच्या माणसांनी व्यापाऱ्यांवर जुलूम केलाच नसेल असे कोणी म्हणू नये. आरमार म्हणजे कीर्तनाचा फड नव्हे. परंतु राज्याच्या सनदेने समुद्र राखणारा आणि धन्यावाचून लुटणारा, यांना एकाच टोपीखाली बसविता येत नाही. स्वतंत्र भारताच्या नौदलाने १९५१ साली मुंबईतील आपल्या ठाण्यास 'आंग्रे' हे नाव दिले ते याच जाणिवेने.

म्हणून मुलाने काळी पट्टी खुशाल बांधावी. त्याला कान्होजी व्हावयाचे असेल, तेव्हा मात्र ती पट्टी नि कवटी घरी ठेवून मराठी सरदाराचे पागोटे व अंगरखा घालावा, आणि तलवारीबरोबर हातात कागदाची एक गुंडाळीही द्यावी. ती कसली, असे परीक्षकांनी विचारले म्हणजे त्याने सांगावे, "हे दस्तक. तुमचे गलबत कोठले?"