संगणक घेताना : नवे मॉडेल की जुने?

(ग्रामपंचायत पदाधिकारी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेतकरी बाजारात बैल घेण्यास जातो, तेव्हा तो केवळ शिंगांच्या रंगावर भुलत नाही. तो बैलाचे दात पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो आणि मगच दावे हाती घेतो. शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी संगणक घेताना मात्र ही चोखंदळ दृष्टी पुष्कळदा सुटते. कोणी ‘नवे ते चांगले’ म्हणून तिजोरी रिकामी करतो, तर कोणी ‘जुने ते सोने’ म्हणून वर्षभरात बंद पडणारे यंत्र घरी आणतो. दोन्ही प्रकारांत पैसा जातो तो गावाचा, आणि खोळंबा होतो तो विद्यार्थ्यांचा व दाखल्यासाठी खेटे घालणाऱ्या नागरिकांचा.

हा प्रश्न आजच निर्माण झालेला नाही. एके काळी तो साऱ्या देशापुढे उभा होता, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग हैदराबाद शहरात घडला. १९५६ पर्यंत मराठवाडा ज्या राज्याचा भाग होता, त्या राज्याची ही राजधानी. त्यामुळे मराठी माणसाला हे शहर परके नाही.

आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने १९५९ साली ‘१४०१’ हा संगणक जाहीर केला. १९६४ मध्ये त्याच कंपनीने ‘३६०’ ही नवी मालिका आणली. तिकडे नव्या यंत्रांचा स्वीकार सुरू झाला असताना, तेथे वापरून झालेली ‘१४०१’ यंत्रे दुरुस्त करून भारतातील कार्यालयांना भाड्याने दिली जात होती. या व्यवहारावर देशात टीका झाली. तथापि, एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्याच यंत्रांवर अनेकांनी संगणकाचे पहिले धडे गिरवले आणि अनेक कार्यालयांचे हिशेब झाले. दोष यंत्राच्या वयाचा नव्हता. कोणते मॉडेल मिळावे, त्याचे भाडे किती असावे आणि दुरुस्ती कोणी करावी, हे ठरविण्याची सत्ता वापरणाऱ्याच्या हाती नव्हती, हे खरे दुखणे होते.

यावर दोन मार्गांनी उपाय झाला. पहिला मार्ग स्वदेशी निर्मितीचा. १९६७ साली हैदराबाद येथे अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. डॉ. ए. एस. राव हे तिचे संस्थापक. शहरातील ए. एस. राव नगर ही वसाहत आजही त्यांचे नाव सांगते. मुंबईजवळ तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्रात आखलेला ‘टी. डी. सी. १२’ हा संगणक या संस्थेने १९६९ मध्ये तयार केला. दुसरा मार्ग देखभालीचा. १९७८ साली आय. बी. एम.ने भारतातील कारभार आवरला, तेव्हा तिची शेकडो यंत्रे येथेच राहिली. त्यांची देखभाल ‘सी. एम. सी.’ या सरकारी संस्थेने स्वीकारली. यंत्रे जुनीच होती. परंतु त्यांना सांभाळणारे हात मिळाले, म्हणून ती चालू राहिली.

यातून मिळणारा धडा साधा आहे. यंत्र नवे की जुने, हा दुसरा प्रश्न. त्याला सांभाळणार कोण आणि किती दिवस, हा पहिला.

हाच प्रश्न आता गावोगावच्या शाळांपुढे आला आहे. २०१५ साली आलेल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीची नियमित मदत तिच्या निर्मात्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. घरगुती वापरासाठी दिलेली वाढीव मुदतही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. मदत थांबली म्हणजे संगणक बंद पडतो, असे नाही. परंतु प्रणालीत नवे छिद्र सापडले, तर ते बुजविणारा कोणी उरत नाही. ज्या संगणकावर ग्रामनिधीचे व्यवहार होतात किंवा विद्यार्थ्यांची माहिती साठविली जाते, त्याच्या बाबतीत ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

बाजारात आज तीन प्रकारचा माल दिसतो : अगदी नवे मॉडेल, मागील पिढीचे, पण न वापरलेले मॉडेल, आणि मोठ्या कंपन्यांच्या वापरातून निघालेले, दुरुस्त करून विकलेले यंत्र. सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारपेठेत नवा व वापरलेला असा दोन्ही प्रकारचा माल मिळतो. तेथे जाणाऱ्याने बैलाचे दात पाहावेत तसा प्रोसेसरचा क्रमांक पाहावा. इंटेल कंपनीच्या ‘आय ५ - ८५००’ या क्रमांकातील ८ हा आकडा आठवी पिढी दर्शवितो; ‘१२४००’ मधील १२ हा बारावी. ‘विंडोज ११’ साठी सर्वसाधारणपणे आठवी किंवा त्यापुढील पिढी, तसेच ‘टी. पी. एम. २.०’ ही सुरक्षेची सोय आवश्यक असते. सातव्या पिढीचे यंत्र कितीही स्वस्त मिळाले, तरी त्यावर ही प्रणाली सहसा अधिकृतपणे चालत नाही. केवळ ‘आय ७ आहे’ एवढे ऐकून भुलू नये. चौथ्या पिढीच्या आय ७ पेक्षा बाराव्या पिढीचा आय ५ अधिक उपयोगी ठरतो. इतर कंपन्यांचे प्रोसेसर अधिकृत यादीत पडताळून घ्यावेत.

कोणी कोणता मार्ग निवडावा? जेथे आर्थिक व्यवहार होतात, डिजिटल स्वाक्षरी वापरली जाते आणि यंत्र बंद पडल्यास साऱ्या गावाचे काम अडते, तेथे हमीसह नवे किंवा मागील पिढीचे न वापरलेले मॉडेल घेणे हिताचे. या दोहोंच्या वेगातील फरक पत्रव्यवहार व तक्ते करणाऱ्याला सहसा जाणवतही नाही. म्हणून किमतीत भरीव सूट मिळत असेल, तर मागील पिढीचेच घ्यावे. शाळेच्या सरावासाठी पाच-सहा संगणक हवे असतील आणि निधी तुटपुंजा असेल, तर आठव्या पिढीपुढील दुरुस्त केलेली यंत्रे चालतील. मात्र पक्के बिल, लेखी हमी आणि जवळपास दुरुस्ती करणारा माणूस, या तीन गोष्टींवाचून सौदा करू नये.

पुष्कळदा काहीच विकत न घेता काम भागते. संगणक मंद चालतो याचे कारण अनेकदा त्यातील फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एस. एस. डी. बसविली आणि मेमरी आठ जी. बी. केली, की जुने यंत्र चपळ होते. ते विंडोज ११ ला पात्र नसेल, तर परवाना शुल्क नसलेली लिनक्स प्रणाली त्यावर बसविता येते. लेखन, वाचन व सरावासाठी ती पुरेशी आहे. परंतु आपल्या कामाचे सॉफ्टवेअर, प्रिंटर व स्वाक्षरीचे टोकन तिच्यावर चालतात काय, हे आधी तपासून पाहावे.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. अनेक कार्यालयांतील जुनी पत्रे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला, की ठरावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. म्हणून जुने यंत्र हलविण्यापूर्वी असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा, सर्व माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी आणि ती उघडते याची खात्री करावी. त्यानंतरच जुन्या डिस्कवरील माहिती पूर्णपणे पुसावी. निकामी यंत्र भंगारवाल्याला देऊ नये. ते उघड्यावर जाळले, तर त्यातील शिशासारखे विषारी पदार्थ माती व हवेत मिसळतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. निकामी यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे सोपवावे.

सारांश, खरेदीपूर्वी ग्रामसभेत किंवा शाळा व्यवस्थापन समितीत तीन प्रश्न विचारले जावेत. काम कोणते? प्रणालीला सुरक्षेची मदत आणखी किती वर्षे मिळणार? बिघाड झाल्यास येणार कोण? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या यंत्राजवळ असतील, ते यंत्र घ्यावे. मग ते नवे असो वा जुने. नव्याचे नऊ दिवस असतात. पण नीट पारखून घेतलेले आणि निगुतीने सांभाळलेले यंत्र गावाला अनेक वर्षे साथ देते.