आपलं नाव कोणत्या वहीत?

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'जिल्हा परिषदेच्या सेवा आणि नागरिकांसाठी माहिती'. योजनांची यादी मी वाचून दाखवणार नाही. यादी दरवर्षी छापतात, भिंतीवर चिकटवतात आणि पावसाळ्यात ती गळून पडते. मला बोलायचंय ते ही माहिती बाईपर्यंत पोचत का नाही, याबद्दल.

आमच्याकडे आलेल्या एका बाईची गोष्ट सांगते. नवऱ्यानं टाकलेली, दोन मुलं घेऊन माहेरी आलेली. तिचं मागणं एवढंच, की स्वतःचं रेशनकार्ड पाहिजे. ग्रामपंचायतीत गेली तर म्हणाले, हे काम आमचं नाही, तहसीलला जा. तहसीलला गेली तर म्हणाले, सासरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा. आता तो दाखला नवऱ्याशिवाय कसा मिळणार? ज्यानं घरातून काढलं, तो कार्डावरून काढायला तयार नाही! दर खेपेला एका दिवसाची मजुरी बुडायची, वर एस.टी.चं भाडं. सहाव्या खेपेला मी तिच्याबरोबर गेले. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, चार माणसांत बोलायची सवय असलेली. पण खिडकीतल्या माणसानं 'नियमच आहे' म्हटल्यावर 'कुठला नियम, दाखवा' हे मला त्या दिवशी म्हणता आलं नाही. कारण मलाही माहीत नव्हतं.

परत येताना ती एस.टी.त मला म्हणाली, "ताई, मी हाय कुणाच्या वहीत?"

त्या प्रश्नानं मला बरंच शिकवलं. पुढच्या वेळी आम्ही तोंडी काही बोललो नाही. लेखी अर्ज दिला आणि त्याच्या नकलेवर पोच घेतली. अर्जात लिहिलं की सासरच्या कार्डाची नोंद तुमच्याच खात्याकडे आहे, तुम्हीच ती तपासा. तिला कार्ड मिळालं. मिळायला महिने लागले, पण मिळालं. हा मार्ग काही आमच्या डोक्यातून निघालेला नाही. परित्यक्तांना वेगळं रेशनकार्ड मिळावं, ही मागणी आपल्याच भागात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं १९८०च्या दशकात लावून धरली होती. आपण ते विसरलो आणि प्रत्येक बाई पुन्हा पहिल्या पायरीवरून चढायला लागली.

म्हणून आधी हे पक्कं करू या, की सरकारला दोन दारं आहेत. एक दार जिल्हा परिषदेचं. गावात ग्रामपंचायत, तालुक्याला पंचायत समिती आणि तिथले गटविकास अधिकारी, वर जिल्हा परिषद. प्राथमिक शाळा, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र, घरकुल, जन्ममृत्यूची नोंद, घराचा नमुना नंबर ८चा उतारा, हे सगळं या दारात. दुसरं दार महसूलचं. तलाठी, तहसीलदार, कलेक्टर. सातबारा, रेशनकार्ड, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज त्या दारात. आपली बाई एका दारात दुसऱ्या दाराचं काम मागते आणि 'इथं नाही' एवढंच उत्तर घेऊन परत फिरते. 'मग कुठं' हे सांगणं कुणालाच आपलं काम वाटत नाही.

पण मनात आणलं तर सरकार घरापर्यंत येऊ शकतं, हे साताऱ्यानंच दाखवलंय. तुम्हाला 'नकोशी' आठवत असतील. मुलगा पाहिजे होता आणि मुलगी झाली, म्हणून नाव ठेवलं नकोशी किंवा नकुसा. ते नाव जन्माच्या नोंदीत, शाळेच्या दाखल्यावर आणि रोजच्या हजेरीत. २००१च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ मुली होत्या. त्या ज्या जन्मल्या, त्यांतल्याच काहींची ही नावं. जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यानं गावोगाव शोध घेऊन अशा मुलींची यादी केली. २२ ऑक्टोबर २०११ला साताऱ्यात समारंभ झाला आणि २८५ मुलींना नव्या नावाची प्रमाणपत्रं मिळाली. कुणी सिनेमातल्या नटीचं नाव घेतलं, कुणी देवीचं.

नाव बदललं म्हणून घरातली नजर बदलते, असं मी म्हणणार नाही. २०१७ साली मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला काय उघडकीला आलं, ते आपण पाहिलंय. मला या कामातली दिशा महत्त्वाची वाटते. एरवी नाव बदलायचं तर त्या पोरीच्या बापालाच प्रतिज्ञापत्र, राजपत्र, शाळा असे हेलपाटे घालावे लागले असते. ज्यानं ते नाव ठेवलं तो कशाला घालेल? इथं दप्तर उठून मुलीच्या दारात गेलं. आपली मागणी हीच आहे. एकदा समारंभापुरती नाही, कायमची.

ही मागणी हवेतली नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५चा. त्याचं कलम ४ सांगतं, की कार्यालयानं आपली कामं, नियम आणि योजनांचे लाभार्थी आपण होऊन जाहीर करायचे, कुणी विचारायची वाट बघायची नाही. लोकसेवा हक्क कायदा २०१५चा. त्यात अधिसूचित केलेल्या सेवांची मुदत ठरलेली आहे. मुदतीत काम झालं नाही तर अपील आहे, दोषी अधिकाऱ्याला दंड आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३चा. रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही कुटुंबप्रमुख, असं तो म्हणतो. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळाच्या नावात आईचं नाव लावायचं, असाही राज्य सरकारचा निर्णय आहे. कायद्यानं बाईला वहीत पहिल्या ओळीवर नेऊन बसवलंय. वही मात्र अजून कपाटात आहे, आणि किल्ली कुणाकडे ते तिला ठाऊक नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्या बायका सदस्य आहेत की! १९९३ पासून एकतृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा आपल्या. खरं आहे. पण मार्च २०२२मध्ये दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढं काही वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. विचारायला जाण्यासारखी आपली सदस्यच नव्हती. निवडून आलेली बाई पाहिजेच, पण माहिती तिच्या एकटीच्या पिशवीत असून चालायचं नाही. ती वस्तीवरच्या प्रत्येकीकडे पाहिजे.

तेव्हा गावी गेल्यावर एक काम करा. पाच-पाच घरं वाटून घ्या. प्रत्येक घरातल्या बाईला चार गोष्टी विचारा. घराच्या उताऱ्यावर तुझं नाव आहे का? सातबाऱ्यावर? रेशनकार्डावर? मुलांच्या जन्मदाखल्यावर? जिथं 'नाही' किंवा 'ठाऊक नाही' असेल तिथं खूण करा. ती यादी महिला ग्रामसभेत मांडा. ती ग्रामसभेच्या आधी घ्यायचीच असते. नुसत्या सह्या फिरवून ती होऊ देऊ नका. ठराव लिहून घ्या, नक्कल मागा. तोंडी 'बघू' म्हणाले तर लेखी द्या आणि पोच घ्या. आणि एकीला जे उत्तर मिळेल, ते मंडळाच्या वहीत उतरवून ठेवा, म्हणजे पुढचीला सहा खेपा घालाव्या लागणार नाहीत.

ह्याच मातीत १९४३ नंतर प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान मंडळं चालवली. न्याय मागायला शहरातल्या कचेरीत जावं लागत नव्हतं. परक्या सरकारशी लढताना जे जमलं, ते स्वतःच्या सरकारकडून मागायला संकोच कसला?

'मी हाय कुणाच्या वहीत?' असं ती विचारत होती. आता तिच्या नावावर स्वतःचं कार्ड आहे. बाकीच्या तीन वह्या अजून उघडायच्या आहेत.