करखात्याची खिडकी कोणासाठी उघडी?



करपद्धती पारखण्याचे चार निकष ॲडम स्मिथने १७७६ साली सांगितले. त्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे आहेत. कर भरणे लोकांना सोयीचे असावे. आणि लोकांच्या खिशातून जाणारा पैसा व तिजोरीत पडणारा पैसा यांतील अंतर कमीत कमी असावे. ही दुसरी कसोटी लावली, की आयकर खात्याच्या संगणकीय कारभाराची वेगळीच बाजू दिसू लागते.

या कारभाराचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. २००९ साली बंगळुरूला केंद्रीय प्रक्रिया केंद्र निघाले, तेव्हापासून परतावे लवकर मिळू लागले. ऑगस्ट २०२० मध्ये करदात्यांची सनद जाहीर झाली. अधिकारी व करदाता समोरासमोर येईनासे झाले, म्हणजे लाचेची एक वाटही अरुंद झाली. परंतु हे सारे लाभ साधने हाती असणाऱ्यांचे आहेत.

धाराशिव जिल्ह्यात रेल्वेमार्गासाठी शेतजमिनी गेल्या. समजा, अशा एका साठीच्या आतल्या शेतकऱ्याने मोबदल्यातील दहा लाख रुपये बँकेत ठेवले आणि त्यावर वर्षाला सत्तर हजार रुपये व्याज आले. त्याचे बाकीचे उत्पन्न शेतीचेच. म्हणजे त्याला आयकर लागूच होत नाही. तरीही व्याज पन्नास हजारांवर गेल्यामुळे बँक दहा टक्के, म्हणजे सात हजार रुपये, कापून घेते. कपात टाळण्याचे घोषणापत्र असते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ३० जून २०२३ पर्यंत पॅन आधारशी जोडले गेले नसेल तर ते निष्क्रिय, आणि कपात वीस टक्के, म्हणजे चौदा हजार! जोडणीसाठी हजार रुपये शुल्क. आणि पॅन निष्क्रिय असेतो परतावाही नाही. जो कराचा एक पैसाही देणे लागत नाही, त्यानेच सरकारला बिनव्याजी कर्ज द्यावे आणि ते परत मिळविण्यासाठी पुन्हा खर्च करावा, असा हा न्याय आहे.

परताव्यासाठी विवरणपत्र संकेतस्थळावर भरावे लागते. म्हणून परंडा वा लोहारा तालुक्यातील असा माणूस नेट कॅफे गाठतो. एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी, दुकानदाराची फी यांतील काहीही तिजोरीत जात नाही. शिवाय पासवर्ड परक्याच्या वहीत राहतो. निजामाच्या अमलात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. कागद वाचून दाखविणाऱ्यावर अनेक शेतकऱ्यांना विसंबावे लागे. १९४८ साली निजामी संपली. मध्यस्थ मात्र टिकला.

७ जून २०२१ रोजी नवे संकेतस्थळ सुरू झाले आणि अडखळू लागले. ओरड झाली, अर्थमंत्रालयाने ते तयार करणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला, विवरणपत्रांची मुदत वाढली. हे योग्यच झाले. पण ती ओरड सनदी लेखापालांची व व्यापाऱ्यांची होती. ज्याचे सात हजार अडकले आहेत, त्याचा आवाज दिल्लीपर्यंत पोचत नाही.

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवेस विनाकारण विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्यास दंड होऊ शकतो. केंद्राच्या करखात्याला तो लागू नाही. केंद्राने २०११ साली मांडलेले तशा प्रकारचे विधेयक २०१४ मध्ये लोकसभेबरोबरच रद्दबातल झाले.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, निदान टपाल कार्यालयात, माणूस बसलेली एक विनामूल्य खिडकी असावी. करपात्र उत्पन्न नसणाऱ्यांना जोडणीचे शुल्क माफ व्हावे. कपातीची नोंद खात्याजवळ असतेच. छोट्या ठेवीदारांचा परतावा खात्याने त्या नोंदीवरूनच आपण होऊन द्यावा. आणि सेवेची मुदत कायद्याने बांधावी.

तोवर कार्यकर्त्यांनी गावोगावच्या बँक शाखांत जावे, घोषणापत्रे भरून द्यावीत आणि अडकलेल्या रकमांच्या याद्या कराव्यात. एकट्याची तक्रार संगणकात हरवते. शंभरांची यादी खासदाराच्या टेबलावर ठेवता येते.