लहान विमानाला विचारायचे प्रश्न

(भिलाईतील मराठी मंडळाच्या हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, शब्दांकन करून)



पत्रिकेवर माझा विषय ‘ड्रोनचे युग’ असा छापलाय. हे नाव मंडळाचं. मी ड्रोनवर बोलणार नाही. (हशा) खरंच नाही. लग्नाच्या मांडवात डोक्यावर घोंघावणारा तो प्राणी तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिला आहे. मला बोलायचंय ते रिमोटवर चालणाऱ्या छोट्या विमानांबद्दल. मोठं विमान बांधायच्या आधी जी उडवतात आणि पुष्कळदा मुद्दाम गोते खायला लावतात, ती.

विमान हवेत कसं तरंगतं, पंखाच्या वर आणि खाली काय होतं, हे सगळं तुम्ही शाळेत शिकलात. ते सोडून देतो. विंड टनेलही सोडून देतो. एवढंच सांगतो, की तिथे मॉडेल बहुधा दांडीला जखडलेलं असतं. वारा त्याच्या अंगावरून जातो, पण त्याला कोलांटी मारता येत नाही. आणि विमान कोलमडून गिरक्या घेत खाली येतं तेव्हा नेमकं काय होतं, हे कळायला त्याला मोकळं सोडावंच लागतं. तिथे माणूस बसवायचा नसेल, तर मॉडेल हवं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घरी जायचंय त्यांची सोय होईल. मॉडेल उडलं, ही बातमीच नव्हे. उडण्याआधी कागदावर काय अंदाज लिहिला होता आणि उतरल्यावर आकडा काय निघाला, ही बातमी.

आता मराठी सभागृहात हा विषय काढला की तळपदे येणारच. मघाशी चहाच्या वेळीच दोघांनी मला अडवलं. (हशा) शिवकर बापूजी तळपदे, मुंबईचे, जे. जे. कलाशाळेत शिकवणारे. 1895 साली चौपाटीवर त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचं माणूस नसलेलं विमान उडवलं, ते 1500 फूट वर गेलं आणि कोसळलं, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. 2015 साली तर तिच्यावर हिंदी सिनेमाही निघाला.

कथा खरी धरली, तर हे आपलं पहिलं संशोधन-मॉडेल. म्हणून मी तिला माझा प्रश्न विचारतो. 1500 फूट कोणी मोजलं? जमिनीवर उभं राहून उंची काढायची तर दोन ठिकाणांहून कोन घ्यावे लागतात. ते कोणी घेतले? विमानाचं वजन किती? पंखाचं क्षेत्रफळ? कोसळलं ते नाक खाली करून की एका पंखावर? यातलं एकही उत्तर आपल्याजवळ नाही. (सभागृहात कुजबुज) थांबा, थांबा. मी तळपद्यांचा अपमान करत नाही. त्या काळात पदरचे पैसे घालून हा उद्योग करणारा माणूस मला आदरणीयच आहे. तळपद्यांशी जोडलं जाणारं ‘वैमानिक शास्त्र’ हे पुस्तक हा वेगळा मामला. ते पुस्तक त्यांच्या निधनानंतरचं, आणि त्यातली विमानं उडू शकत नाहीत हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 1974 साली गणित मांडून दाखवलंय. त्याचं ओझं तळपद्यांच्या खांद्यावर मी टाकणार नाही. पण नोंद नाही, ती नाहीच. त्याला मी काय करू?

पुढच्याच वर्षी काय झालं बघा. 6 मे 1896. अमेरिकेत पोटोमॅक नदीवर सॅम्युअल लँगली यांनी तरंगत्या नौकेवरून वाफेच्या इंजिनाचं, माणूस नसलेलं विमान सोडलं. ते सुमारे 3300 फूट अंतर गेलं. कॅमेरा घेऊन कोण हजर होतं? टेलिफोनवाले ग्रॅहम बेल. फोटो आहे, अंतर आहे, यंत्राची मापं आहेत. म्हणून आज लँगलींशी आपल्याला भांडता येतं. आणि भांडायला जागा भरपूर आहे!

कारण पुढे त्यांनी तेच विमान साधारण साडेतीनपट मोठं केलं, त्यात माणूस बसवला, आणि 1903 च्या ऑक्टोबरात ते थेट पाण्यात गेलं. डिसेंबरच्या 8 तारखेला पुन्हा पाण्यात. वैमानिक वाचला. नऊ दिवसांनी राइट बंधू उडाले. लँगली विमान सोडणाऱ्या यंत्रणेला बोल लावत राहिले; बहुतेक अभ्यासक म्हणतात की सांगाडाच त्या भाराला पुरा पडत नव्हता. भिलाईच्या पोलादवाल्यांना हे समजावायला नको. पायलट प्लांटमध्ये जमलेली भट्टी नुसती मोठी करून चालत नाही, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी शिफ्टमध्ये भोगलंय. (टाळ्या)

मग प्रमाण धरायचं कसं? फळा नाही, तोंडी सांगतो. समजा, 640 किलोचं दोन आसनी विमान आहे, पंखांचा पल्ला 10 मीटर. त्याचं चौथाई मॉडेल करा. पल्ला अडीच मीटर. वजन चौथाई नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटल्या, म्हणून चौसष्टावा हिस्सा. म्हणजे 10 किलो. वेग मात्र वर्गमुळाने घटतो, निम्मा होतो. मोठं विमान ताशी 100 किलोमीटरने जात असेल तर हे 50 ने. आणि गंमत अशी, की वेळही निम्मी होते. मोठं विमान चार सेकंदांत एक गिरकी घेत असेल, तर हे दोन सेकंदांत घेईल. खाली रिमोट धरलेल्या माणसाची तारांबळ म्हणूनच उडते.

आणि आता माझा लाडका मुद्दा. वजन 10 किलो झालं म्हणजे काम झालं, असं मुलं समजतात. ते वजन कुठे ठेवलंय? बॅटरी नाकात आहे की पोटात? वळताना, गिरकी घेताना विमान किती हट्ट धरतं, ते जडत्वाच्या आघूर्णावर ठरतं, आणि चौथाई मॉडेलमध्ये तो 1024 वा हिस्सा असावा लागतो. तो जुळला नाही, तर तुमचं मॉडेल मोठ्या विमानाबद्दल खोटी साक्ष देतं. उडेल छान. साक्ष खोटी. मोजायला महागडं यंत्र लागत नाही. मॉडेल दोन समांतर दोऱ्यांवर आडवं टांगा, हलकासा पीळ द्या, आंदोलनं मोजा. दोऱ्यांची लांबी, त्यांतलं अंतर, वजन आणि आंदोलनाचा काळ, एवढ्यावर आकडा निघतो. बारावीच्या मुलाला जमेल असं काम. पण करत कोणी नाही, कारण त्याचा व्हिडिओ चांगला येत नाही. (हशा)

(या वेळी चिठ्ठी आली.) दहा मिनिटं? अध्यक्ष महाराज, तळपद्यांची वेळ माझ्या खात्यात धरू नका. (हशा)

बरं, झपाट्याने. 1962 साली नासाच्या एडवर्ड्स तळावर डेल रीड नावाचे इंजिनिअर होते. बिनपंखी विमान अंतराळातून परत जमिनीवर उतरवता येईल, असं त्यांच्या डोक्यात होतं. वरिष्ठांना पटेना. त्यांनी दोन फुटांचं मॉडेल केलं, दुसऱ्या मॉडेल विमानाने ते ओढत वर नेलं आणि सोडलं. बायकोने घरच्या 8 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने चित्रण केलं. ती फिल्म पाहून परवानगी मिळाली. पुढच्या ऑगस्टमध्ये वैमानिक मिल्ट थॉम्पसन एम-2-एफ-1 या प्लायवुडच्या बिनपंखी यानात बसून विमानामागे वर गेले आणि सुखरूप उतरले. त्याआधी ते यान वाळवंटात ओढलं होतं पाँटियाक मोटारीने!

1973 मध्ये त्याच तळावर एफ-15 लढाऊ विमानाची तीन-अष्टमांश प्रतिकृती बी-52 बॉम्बरच्या पंखाखालून सोडत. खर्च अडीच लाख डॉलर. खरं विमान 68 लाखांचं. वैमानिक एनेव्हॉल्डसन जमिनीवर खोलीत पडद्यासमोर बसायचे. खऱ्या विमानात त्यांची नाडी 70-80 असायची, इथे खुर्चीत बसून 130 च्या वर! ज्यांना हा खेळ वाटतो त्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडेही आहे. 2 एप्रिल 2023 ला चित्रदुर्गजवळ इस्रोने पुन्हा वापरायच्या यानाची साडेसहा मीटरची प्रतिकृती चिनूक हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडली आणि ती स्वतःहून धावपट्टीवर उतरली. रीड यांचीच युक्ती, वर नेऊन सोडायची. त्याच परिसरात 1 जुलै 2022 ला डीआरडीओने शेपूट नसलेलं उडतं पंख-विमान स्वयंचलित उडवून उतरवलं. मोठ्याच्या आधी छोटं. तुम्हाला मात्र आयआयटी मुंबईच्या पोरांनी काढलेल्या आयडियाफोर्ज या ड्रोन कंपनीचं नाव ‘थ्री इडियट्स’मुळे ठाऊक. (हशा) तेही चालेल.

रेनॉल्ड्स अंक राहिला, म्हणजे हवेच्या चिकटपणाचा हिशेब. तो फार महत्त्वाचा आहे. चौथाई मॉडेलात तो आठव्या हिश्श्यावर येतो, म्हणून मॉडेलचा पंख मोठ्या विमानापेक्षा लवकर हार खाऊ शकतो, आणि मग... हो, कळलं, घंटा झाली. कोणाला हवं असेल त्याने बाहेर विचारा.

एकच मागणी आहे आणि ती इथल्या लोकांकडेच करता येते. या गावात 130 मीटरचा अखंड रूळ मिलिमीटरच्या हिशेबाने तपासणारी माणसं निवृत्त होऊन बसली आहेत. दुर्गला इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आयआयटी आली आहे, एनसीसीच्या मुलांना एरोमॉडेलिंग शिकवतात. आणि 2021 च्या ड्रोन नियमांत सरकारी वा सरकारमान्य शिक्षणसंस्थांना ग्रीन झोनमध्ये, स्वतःच्या आवारात संशोधनासाठी उडवायला बरीच सूट आहे. कारखान्याच्या बाजूला मात्र जाऊ नका, पकडतील. (हशा) मुलांना विमान बांधता येतं. त्यांना हवाय तो वही घेऊन शेजारी बसणारा, ‘आधी अंदाज लिही’ म्हणणारा खडूस माणूस. असे खडूस इथे पहिल्या तीन रांगांत दिसताहेत.

बाहेर चहाच्या टेबलाजवळ मी एक थर्मोकोलचं मॉडेल दोन दोऱ्यांवर टांगून ठेवलंय. स्टॉपवॉच तुमच्या मोबाइलमध्ये आहेच. वीस आंदोलनांना किती सेकंद लागतील ते आधी चिठ्ठीवर लिहायचं, नावासकट, आणि मगच हात लावायचा. तळपद्यांच्या बाजूने भांडणाऱ्या दोघांना पहिला नंबर.