अस्वलाचा कर, परक्याचा दोष



एखाद्या समाजाची प्रकृती जाणून घ्यायची असेल, तर त्याच्या राज्यघटनेची कलमे वाचावीत, नेत्यांची भाषणे ऐकावीत. पण त्याबरोबरच तो समाज कशाला हसतो हेही पाहावे. हसताना माणूस सावध नसतो. म्हणूनच अमेरिकेतील एका व्यंगचित्र-मालिकेच्या एका भागाचा विचार आज येथे करावयाचा आहे. मालिकेचे नाव ‘द सिम्प्सन्स’. फॉक्स वाहिनीवर ती १७ डिसेंबर १९८९ रोजी सुरू झाली. व्यंगचित्रांची असली तरी ती बालगोपाळांसाठी रचलेली नाही. कुटुंब, धर्म, शाळा, पोलीस, राजकारण अशा सर्वांचीच ती टोपी उडवते आणि तिचा विनोद पुष्कळदा आपल्या घरच्या मर्यादेत बसत नाही. तरीही ५ मे १९९६ रोजी प्रसारित झालेला तिचा एक भाग भारतीयांनी, विशेषतः ज्यांची मुले-बाळे सागरापार आहेत त्यांनी, अवश्य समजून घ्यावा असा आहे. शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेच्या शीर्षकावर कोटी करून त्याला ‘मच अपू अबाउट नथिंग’ असे नाव दिलेले आहे.

अस्वल आले आणि कर वाढला

स्प्रिंगफील्ड नावाच्या काल्पनिक गावात एके दिवशी एक अस्वल भरवस्तीत शिरते. होमर सिम्प्सन हा कथानायक जमाव घेऊन महापौरांकडे जातो आणि अस्वलांपासून संरक्षण मागतो. महापौर क्विम्बी तत्काळ अस्वल-विरोधी पथक उभारतात. अस्वल पुन्हा दिसत नाही. होमर म्हणतो, बघा, पथकाचा गुण! त्याची कन्या लिसा रस्त्यावरचा एक दगड उचलून सांगते की, हा दगड वाघांना पळवून लावतो, कारण आसपास एकही वाघ नाही. वडिलांना त्यातला उपरोध कळत नाही. ते तो दगडच विकत मागतात.

पथकाचा खर्च भागवण्यासाठी कर बसतो आणि तोच जमाव पुन्हा महापौरांच्या दारात येतो. संरक्षण हवे, पण त्याचे मोल नको! अडचणीत सापडलेले महापौर मग सोपी वाट काढतात. कर वाढले ते बेकायदा स्थलांतरितांमुळे, असे ते ठोकून देतात आणि अशा सर्वांना हाकलून देणारा ‘प्रस्ताव २४’ मतदानाला टाकतात. क्षणापूर्वी महापौरांवर चिडलेले गाव आता शेजाऱ्यावर चिडते.

हे कल्पनेचे खेळ नव्हते. शीतयुद्ध संपल्यावर संरक्षण-उद्योग आकसला आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्निया मंदीत सापडले. ८ नोव्हेंबर १९९४ रोजी तेथे ‘प्रस्ताव १८७’ मतदानाला आला. कागदपत्रांवाचून राहणाऱ्यांना सरकारी शाळा आणि तातडीचे सोडून अन्य वैद्यकीय साहाय्य नाकारणारा हा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी संमत झाला. त्याचा हिरिरीने पुरस्कार करणारे गव्हर्नर पीट विल्सन त्याच दिवशी पुन्हा निवडून आले. पुढे संघराज्याच्या न्यायालयाने प्रस्तावाची अंमलबजावणी रोखली आणि १९९९ मध्ये राज्याने अपिलाचा नाद सोडला.

आपल्या सीमेत कोण राहतो हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे, याविषयी दुमत असू नये. कथेतील अपूनेही शिक्षणासाठी मिळालेल्या परवान्याची मुदत ओलांडलेली आहे आणि मालिका ते लपवत नाही. प्रश्न वेगळा आहे. अस्वल अपूने आणले नव्हते, पथक अपूने मागितले नव्हते. हिशेबाच्या वहीत ज्याची नोंदच नाही, त्याच्या नावावर देणे लिहिले गेले. कायदा राबवणे ही एक गोष्ट आणि आपल्या चुकीसाठी बळीचा बकरा शोधणे ही अगदी दुसरी.

उतरवलेला गणपती

हा अपू नहासापीमापेटिलॉन म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या ‘क्विक-ई-मार्ट’ या दुकानाचा चालक. कलकत्त्याच्या तंत्रविद्यालयातून सत्तर लाख विद्यार्थ्यांत पहिला आलेला, अमेरिकेत संगणकशास्त्राची डॉक्टरेट घेतलेला, आणि शिक्षणाचे कर्ज फेडता फेडता गल्ल्यावर स्थिरावलेला हा गृहस्थ. हद्दपारीच्या भीतीने तो गुंडांच्या टोळीकडून बनावट कागदपत्रे घेतो. अट एकच, अमेरिकन म्हणून वागायचे. मग डोक्यावर गुराख्याची टोपी येते, बोलण्याचा ढंग बदलतो, बेसबॉलच्या गप्पा सुरू होतात. आणि दुकानातील गणपतीच्या जागी चित्रपट-तारकांच्या छायाचित्रांची मासिके येतात.

पण हे सोंग त्याला पेलत नाही. मातापित्यांच्या संस्काराशी आपण प्रतारणा केली, या जाणिवेने तो कोसळतो आणि बनावट कागद टाकून देतो. मालिकेचे लेखक हिंदू नव्हते, भक्तिभावनाही त्यांच्या मनात नसावी. तरीही त्यांनी एक सत्य अचूक टिपले. नागरिकत्व हा राष्ट्राशी केलेला करार आहे. त्यासाठी देव्हारा रिकामा करावा लागत नाही. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यावर जी मराठी कुटुंबे तिकडे गेली, त्यांनी हेच आचरून दाखवले. १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले आणि तिकडच्या शहरांतून गणेशोत्सव रुजला. त्यांच्या अमेरिकन नागरिकत्वात त्यामुळे काही उणे पडले नाही.

येथे या मालिकेचे न्यूनही सांगितले पाहिजे. अपूचा आवाज त्याचा नव्हता. हँक अझारिया हे गोरे अभिनेते तो हेल काढत होते, आणि आडनाव तर भारताच्या कोणत्याच प्रांतात सापडणार नाही. ‘अपू’ म्हणून शाळेत चिडवले गेलेल्या पिढीची व्यथा हरी कोंडाबोलू यांनी २०१७ च्या माहितीपटात मांडली. अझारिया यांनी २०२० मध्ये ती भूमिका सोडली आणि २०२१ मध्ये भारतीय समाजाची क्षमा मागितली. ज्या भागात अपूच्या अस्मितेची एवढी कणव आहे, तो भागही उसन्या हेलातच बोलतो, हे विसरता येत नाही. आपली कथा दुसऱ्याने सांगितली की ती थोडी वाकडीच होते.

परीक्षेला बसण्याचा अधिकार

कथेच्या उत्तरार्धात अपू सरळ मार्गाने नागरिकत्वाची परीक्षा देतो. अमेरिकेतील यादवी युद्धाचे कारण विचारले असता तो अनेक कारणांची साक्षेपी मीमांसा सुरू करतो. कंटाळलेला परीक्षक सांगतो, नुसते ‘गुलामगिरी’ म्हणा. अपू तसे म्हणतो आणि उत्तीर्ण होतो. जन्माने नागरिक असलेल्यांपेक्षा परक्याला त्या देशाचा इतिहास अधिक ठाऊक आहे, हा त्यातला टोला.

मात्र एक काळ असा होता की, भारतीयाला या परीक्षेला बसताच येत नव्हते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात सेवा केलेल्या भगतसिंग थिंद यांचा दावा १९ फेब्रुवारी १९२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. सामान्य माणसाच्या समजुतीनुसार भारतीय हा ‘गोरा’ नव्हे, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निर्णय झाला. एवढ्यावर न थांबता, ज्यांना नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही काढून घेण्यास आरंभ झाला.

त्यांत वैष्णोदास बगाई होते. पेशावरचे हे देशभक्त १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोस आले, दुकान थाटले आणि १९२१ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. थिंद निकालानंतर ते नागरिकत्व गेले. परकीयांना जमीन बाळगण्यास बंदी करणाऱ्या कायद्यामुळे दुकानासह मालमत्ता गेली. भारतात जाण्यासाठी अमेरिकेचे पारपत्रही नाकारण्यात आले. ब्रिटिशांची प्रजा म्हणवून घेणे त्यांना मान्य नव्हते आणि अमेरिकेने त्यांना आपले म्हणणे सोडले होते. पुढे बंद वाट, मागे तुटलेला पूल, अशी व्यथा एका पत्रात लिहून १९२८ मध्ये त्यांनी जीवनाचा अंत केला. ते पत्र तेथील वृत्तपत्राने छापले.

भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग पुन्हा खुला झाला तो १९४६ मध्ये, तेवीस वर्षांनी. कलाबाईंनी मुलांना वाढवले आणि कालांतराने त्याही अमेरिकेच्या नागरिक झाल्या. पूर्वी ज्या बर्कली शहरात शेजाऱ्यांनी या कुटुंबाला स्वतःच्या घरात पाऊल ठेवू दिले नव्हते, त्याच शहराने २०२० मध्ये एका रस्त्याला कलाबाईंचे नाव देण्याचा निर्णय घेतला.

टोपलीतला कागद

मालिकेतील प्रस्ताव शेवटी संमत होतोच. अपू आता नागरिक असल्याने वाचतो आणि हद्दपारी वाट्याला येते ती शाळेच्या स्कॉटिश माळ्याच्या. म्हणजे गोऱ्या कातडीचाही आधार पुरला नाही. एकदा बोट दाखवण्याची सवय जडली की ते कोणावर रोखले जाईल याचा नेम नसतो.

आणि अपू? त्याला न्यायालयात ज्यूरी म्हणून उपस्थित राहण्याचे पत्र येते. आता आपण खरेखुरे अमेरिकन झालो, असे म्हणून तो आनंदतो आणि तो कागद केराच्या टोपलीत टाकतो!

प्रेक्षक येथे हसतो, आणि हसावेच. पण बगाईंची आठवण ठेवून हा प्रसंग पाहिला, तर हसू ओठांवरच थबकते. राष्ट्र आपल्याला नागरिक समजून एखादे कर्तव्य सांगते, यासारखा दुसरा सन्मान नाही. जन्माने तो लाभलेल्यांच्या घरी असे कागद रोज येतात. कोठे मतदानाची चिठ्ठी, कोठे कराचे विवरण, कोठे साक्षीचे बोलावणे. त्यांतील किती टोपलीत जातात, याचा हिशेब प्रत्येक घराने आपापल्या मनाशी मांडावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या दुकानदाराने असा एक कागद छातीशी धरला असता.