बेकायदेशीर कोण?

(कार्यकर्ता शिबिरात जानेवारी १९८६ मध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलणं शक्यतो होतं तसंच ठेवलं आहे. पाड्यावरच्या बैठकीत वाचून दाखवावे व चर्चा करावी.)



काल रात्री जेवणं झाल्यावर जो वाद निघाला तो अर्धाच राहिला. शेकोटी विझली, वाद विझला नाही. आज तो आपण पुरा करू.

वाद कशावरून निघाला ते सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या महिन्यात आसामात निवडणूक झाली. सहा वर्षं परदेशी लोकांविरुद्ध चळवळ करणारी पोरं आता तिथे सरकारात बसली. पेपरात त्यांचे फोटो आले. ते बघून आपल्यातले काही तरुण म्हणाले, "बघा, त्यांनी करून दाखवलं. आपण नुसते अर्ज करत बसलो. बाहेरचे आले म्हणूनच आदिवासींच्या जमिनी गेल्या. बाहेरच्यांना हाकला, म्हणजे प्रश्न मिटला." त्यावर दुसरे साथी म्हणाले, "गरिबाने गरिबाला हाकलायचं, ही आपली संघटना नव्हे. ज्याला पोट आहे तो जाईल तिथे कमवून खाईल."

आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या. पहिल्याच्या बोलण्यात जमिनीचं दुःख खरं आहे. दुसऱ्याच्या बोलण्यात माणुसकी खरी आहे. पण "देशाने काय करावं" याचं उत्तर दोघांनीही दिलेलं नाही. म्हणून आधी आसामात काय घडलं ते नीट समजून घेऊ.

इंग्रजांनी आसामात चहाचे मळे काढले. मजूर कुठून आणले? छोटा नागपूर, संथाळ परगणा अशा भागांतून. संथाळ, उरांव, मुंडा, म्हणजे आपलेच आदिवासी बांधव. पुढे इंग्रजांना शेतसारा वाढवायचा होता, तागाचं पीक हवं होतं. म्हणून ब्रह्मपुत्रेच्या काठच्या पडीक जमिनीवर पूर्व बंगालच्या मैमनसिंग भागातले शेतकरी येऊ दिले. त्यातले बहुतेक मुसलमान, जमीनदाराच्या जाचाला कंटाळलेले. त्या वेळी कोणी त्यांना बेकायदेशीर म्हटलं नाही. ते सरकारला सारा देत होते.

मग तिथल्या आदिवासींच्या जमिनी जाऊ लागल्या. बोडो, लालुंग, मिकीर हे फिरती शेती करणारे, कागद न ठेवणारे लोक. १९२० च्या सुमाराला सरकारने 'लाइन' आखायला सुरुवात केली. लाइनीच्या अलीकडे बाहेरच्याने जमीन घ्यावी, पलीकडे घेऊ नये. लाइन मोडत गेली. १९४७ साली आसामच्या जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करून आदिवासी पट्टे ठरवले. त्या पट्ट्यांत बाहेरच्याला जमीन विकता येणार नाही असा नियम झाला. कायदा चांगला होता. तोही कागदावरच राहिला. जमीन गहाण पडत राहिली, हातउसन्यात जात राहिली.

आता कोणाला आपल्याकडची आठवण झाली असेल तर ती बरोबरच आहे.

त्यात देशाची फाळणी झाली, निर्वासित आले. १९७१ साली बांगला देशच्या लढाईत जवळजवळ एक कोटी माणसं भारतात आली. बरीच परत गेली, काही राहिली. नंतरही पोटासाठी लोक येत राहिले. १९७९ साली मंगलदोई मतदारसंघात पोटनिवडणूक लागली तेव्हा मतदारयादीत परदेशी लोकांची नावं आहेत अशी तक्रार झाली. तिथून आंदोलन पेटलं. नक्की किती लोक परदेशी? खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. १९८१ ची खानेसुमारी सगळ्या देशात झाली, आसामात होऊ शकली नाही. आकडा माहीत नसताना भांडण होतं, तेव्हा ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा मोठा.

आता जे सांगायचं ते जड आहे. १९८३ च्या फेब्रुवारीत तिथे जबरदस्तीने निवडणूक घेतली. १८ फेब्रुवारीला नगाव जिल्ह्यात नेल्ली आणि आसपासच्या गावांवर हल्ला झाला. बंगाली बोलणारे गरीब मुसलमान शेतकरी मारले गेले. सरकारी हिशोबानेच अठराशेच्या आसपास. त्यात बाया आणि पोरं जास्त, कारण त्यांना पळता आलं नाही. आणि मारणाऱ्यांत लालुंग आदिवासी होते.

होय साथींनो, आदिवासी होते. हे आम्ही लपवणार नाही. त्यांच्याही जमिनी गेल्या होत्या, तेही वर्षानुवर्षं पिचलेले होते. पण त्या दिवशी कोयता कोणावर चालला? ज्याने कर्जापोटी जमीन लिहून घेतली त्या सावकारावर नाही. ज्याने फेरफार मंजूर केला त्या अंमलदारावर नाही. नांगरामागे चालणाऱ्यावर चालला. लालुंगांना त्यातून किती जमीन परत मिळाली? आजवर एकाही मारणाऱ्याला शिक्षा नाही आणि आदिवासी पट्ट्याचा कायदाही होता तिथेच आहे. नुसतं "बाहेरच्यांना हाकला" म्हटलं की गाडी कुठे जाऊन थांबते ते यावरून ओळखा.

गेल्या १५ ऑगस्टला राजीव गांधींच्या सरकारने आंदोलनवाल्यांशी करार केला. त्यात तारखा आहेत. १ जानेवारी १९६६ च्या आधी आलेले राहतील. त्यानंतर २४ मार्च १९७१ पर्यंत आलेल्यांची नावं शोधून दहा वर्षं मतदारयादीतून काढायची. २५ मार्च १९७१ पासून आलेल्यांना देशाबाहेर घालवायचं.

तारीख म्हटली की आपले कान टवकारतात. आपल्या एकसाली प्लॉटवाल्यांना आणि जंगलजमीन कसणाऱ्यांना तारखेचा खेळ चांगला माहीत आहे. सरकारने २७ डिसेंबर १९७८ च्या निर्णयात म्हटलं, ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं कायम करू. मग विचारलं, पुरावा काय? दंडाची पावती दाखव. गार्डने कोंबडी नेली, पैसे नेले, पावती दिली नाही. आजा जिथे नागली पेरत होता तिथे नातू 'अतिक्रमणदार' झाला. जमीन कसतो तो बेकायदेशीर, कागद लिहितो तो कायदेशीर.

आणि सरहद्दीचं म्हणाल तर, आपल्यासारखं ते कोणाला कळणार? नगर हवेली १९५४ पर्यंत पोर्तुगिजांची होती. या बाजूचा वारली आणि त्या बाजूचा वारली, मध्ये सरहद्द. नातीगोती दोन्हीकडे, देव तेच. म्हणजे लग्नाला जायचं तर परदेशात! १९६० साली दोन राज्यं झाली, उंबरगाव तालुका गुजरातेत गेला. आपण जागचे हललो नाही, सरहद्द हलली. त्या चहामळ्यातल्या संथाळ-मुंडांचंही तसंच. बिहारात ते अनुसूचित जमातीत आहेत, आसामात त्यांना त्या यादीत जागा नाही. आदिवासीपण मधल्या वाटेत गळून पडलं काय?

म्हणून आपण या प्रश्नावर बोलतो ते अनुभवावरून बोलतो. मग देशाने करावं काय? आम्हाला पाच गोष्टी सुचतात. त्यावर तुम्ही बोला, खोडून काढा.

पहिली गोष्ट, देशाला सरहद्द असणार आणि ती राखायचा सरकारला हक्क आहे. हे आपण नाकारत नाही. "कोणीही यावं, कुठेही बसावं" म्हणणं सोपं आहे, कारण येणारा दिल्लीच्या बंगल्यात येऊन बसत नाही. तो येतो आदिवासीच्या माळावर. त्रिपुराकडे बघा. १९३१ साली तिथे निम्मे लोक आदिवासी होते. १९८१ च्या मोजणीत शंभरात अठ्ठावीस उरले. त्यांनी कोणाला मारून हे घडलं नाही. फाळणीने उखडलेले गरीबच तिथे आले. तरी आदिवासी आपल्याच मुलखात थोडके झाले. हे दुःख खोटं नाही. पुढे येणारा सरहद्दीवरच थांबवावा, त्यासाठी सरकारने खर्च करावा. आत येऊ द्यायचं, मत घ्यायचं, स्वस्तात राबवायचं आणि वीस वर्षांनी हाकला म्हणायचं, हे चालणार नाही.

दुसरी गोष्ट, पुरावा कोणी द्यायचा? १९४६ चा परदेशी लोकांचा कायदा म्हणतो, मी परदेशी नाही हे त्या माणसाने सिद्ध करावं. आसामसाठी १९८३ साली वेगळा कायदा केला. त्यात सांगणाऱ्याने सिद्ध करायचं, आणि न्यायाधिकरणापुढे सुनावणी व्हायची. आंदोलनवाले म्हणतात, या कायद्याने परदेशी माणूस सापडणंच कठीण. त्यात तथ्य असेल. तरी आम्ही म्हणतो, सुनावणी सोडू नका. कागद नाही म्हणून माणूस परदेशी, हे एकदा मान्य केलं तर आपल्या पाड्यावर किती जण भारतीय उरतील? जन्माचा दाखला कोणाकडे आहे, हात वर करा. बघा.

तिसरी गोष्ट, घटनेच्या २१ व्या कलमात जगण्याचा हक्क 'नागरिका'ला दिलेला नाही, 'व्यक्ती'ला दिलेला आहे. गेल्या जुलैत सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या फुटपाथवरच्या लोकांच्या खटल्यात सांगितलं, पोट भरण्याचं साधन हा जगण्याच्याच हक्काचा भाग. १९८१ च्या पावसाळ्यात त्याच लोकांना गाड्यांत भरून गावाकडे धाडायचं ठरलं होतं. ते तर याच देशाचे होते! कोर्टानेही शेवटी हटवायला परवानगी दिली, पण नोटीस देऊन, पावसाळा संपल्यावर. म्हणजे हटवायचं झालं तरी माणूस म्हणून हटवायचं. बांगला देश सरकार म्हणतं, आमचे कोणी तिकडे गेलेच नाहीत. मग रात्रीच्या अंधारात सरहद्दीवर नेऊन ढकलणार काय? आणि १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणे इथे जन्मलेलं पोर भारतीय. बाप ढकलायचा आणि पोर ठेवायचं?

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जमीन वाचवायची तर कायद्याने माणसाचं तोंड बघू नये, व्यवहार बघावा. आपला १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदा आठवा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे गेली असेल, तर ती परत मिळण्याची त्यात सोय आहे. कलेक्टरने स्वतःहून चौकशी करावी असंही त्यात आहे. घेणारा मारवाडी की गुजर, पारशी की मराठा, कुठल्या गावचा, कुठल्या देवाचा, हे तो कायदा विचारत नाही. जमीन कोणाची होती आणि कशी गेली, एवढंच विचारतो. आसामात आदिवासी पट्टे खरोखर राखले असते तर येणारा बंगाली असो, मारवाडी असो की आसामी बाबू, जमिनीला हात लागला नसता. आता 'परदेशी' सगळे गेले आणि पट्ट्यातली जमीन आसामी सावकाराने घेतली, तर बोडो काय जिंकला?

पाचवी गोष्ट, मजुरी. बाहेरून माणूस आणतो कोण? मुकादम आणतो, ठेकेदार आणतो. का आणतो? तो बेकायदेशीर असला तर तोंड वर करत नाही, निम्म्या मजुरीत राबतो. आपले लग्नगडी असेच राबत होते, कर्ज हीच त्यांची बेडी. कोणीही राबो, किमान मजुरी एकच मिळाली पाहिजे. कमी देणाऱ्या मालकाला तुरुंग दाखवा. स्वस्त माणूस मिळेनासा झाला की आणणाऱ्याची हौस आपोआप फिटेल. आपण स्वतः वीटभट्टीवर, रेतीवर, मिठागरावर परमुलखात जातो. तिथले मजूर आपल्याला काय म्हणतात? "हे आले आणि मजुरी पाडली." तिथे आपणच बाहेरचे!

कालचा तरुण साथी समोरच बसला आहे. त्याच्या घरची जमीन कशी गेली ते आम्हाला माहीत आहे. त्याला आम्ही एवढंच सांगतो. भाऊ, तुझा राग संघटनेला हवा आहे. पण आपल्या तालुक्यात जमीन घेणाऱ्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत. त्यातला एकही रात्री नदी ओलांडून आलेला नाही. सगळे दिवसाढवळ्या, शिक्का मारून, पंचांच्या सह्या घेऊन आले. त्यांना कोणी बेकायदेशीर म्हणत नाही. आपल्याला तो शब्द आधी तिथे लावायचा आहे.

म्हणून शिबिरापुढे आम्ही ठराव मांडतो. एक, आसाम आणि त्रिपुरातल्या आदिवासींच्या जमीनहक्काला आपला पाठिंबा. तिथले पट्ट्यांचे आणि जमीन परतीचे कायदे अमलात आले पाहिजेत. दोन, सुनावणीशिवाय कोणालाही परदेशी ठरवू नये, हाकलू नये. तीन, नेल्लीच्या गुन्हेगारांवर खटले चालवा, मारणारे आदिवासी असले तरी. चार, येत्या दोन महिन्यांत प्रत्येक पाड्याने १९५७ पासून गेलेल्या जमिनींची यादी करावी. नाव, सर्व्हे नंबर, जमीन कोणी घेतली, कशी घेतली. तलाठ्याकडून उतारा मिळत नसेल तर दहा जणांनी मिळून जा, एकट्याने जाऊ नका.

तिसऱ्या मुद्द्यावर काहींची नाराजी होईल हे आम्ही धरून चाललो आहोत. ज्यांना विरोध करायचा त्यांनी उभं राहून बोलावं. मग हात वर करून मत घेऊ.

जिंदाबाद!